सुरू (शिरोडा किनारा)

सुरू : कोकणच्या पुळणीवर वारा आणि उडती वाळू अडवण्यासाठी लावला जाणारा, सुईसारख्या डहाळ्यांचा उंच सदाहरित वृक्ष. शास्त्रीय नाव कॅझुअरिना इक्विसेटिफोलिया, कुल कॅझुअरिनेसी. मराठी ग्रंथांत विलायती सुरू व खडशेरणी ही नावेही आढळतात. बागेत शोभेसाठी लावतात तो सरू वेगळ्या कुलातला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ला तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीच्या उत्तरेस असलेल्या शिरोडा गावी वेळागरच्या पुळणीमागे सुरूचे बन आहे. शिरोडा महाराष्ट्राला मिठागरांमुळे, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकरांनी तेथे शिक्षक म्हणून घालवलेल्या वर्षांमुळे ठाऊक आहे. त्या पुळणीवर येणाऱ्याला आज आधी हे बन दिसते. सुरूची वाढ, आनुवंशिकी, रोग आणि किडी यांवर जगभर झालेल्या संशोधनातले शिरोड्यासारख्या किनाऱ्याच्या कामाचे काय, हे या नोंदीत पाहिले आहे.

दिसायला सुरू पाइनसारखा असला तरी तो सपुष्प वृक्ष आहे आणि ओक, अक्रोड यांच्या गणात मोडतो. त्याची ‘सुई’ हे पान नव्हे. एक सुई घेऊन ताणली की ती सांध्यावर चटकन सुटते. त्या सांध्याशी भिंग धरले तर सहा ते आठ बारीक दात गोलाकार बसलेले दिसतात. हे दात म्हणजेच पाने. अन्न तयार करण्याचे काम हिरवी डहाळी करते आणि तिची पर्णरंध्रे उभ्या खोबणींत दडलेली असतात, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यातही झाड पाणी राखून राहते. परागण वाऱ्याने होते. फळ लहान काटेरी शंकूसारखे असते, ते वाळून उघडले की पंखाचे हलके बी उडून जाते. लाकूड जड व कठीण, सुकताना तडकणारे. फळ्यांना गैरसोयीचे, पण खांब, वासे आणि सरपण यांसाठी उत्तम.

आगमन : भारतात सुरू नैसर्गिकरीत्या फक्त अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर आढळतो, मूळ प्रदेश आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे. मुख्यभूमीवरील आरंभीच्या लागवडींत १८६८ ची कारवारची लागवड वनग्रंथांत नेहमी नोंदली जाते. कारवारचा उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शिरोड्याहून कारवार फार दूर नाही, मध्ये गोव्याचा किनारा तेवढा. पुढे पूर्व किनाऱ्यावर सुरूची लागवड इतकी वाढली की देशातील एकूण क्षेत्र सुमारे पाच लाख हेक्टर मानले जाते. त्यातला मोठा भाग तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशात आहे. तेथे शेतकरी सुरू पिकासारखा लावतात आणि कागद कारखान्यांसाठी किंवा खांबांसाठी तीन ते पाच वर्षांत तोडतात. कोकणात मात्र तो वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या लागवडीतून आला, तो वारा अडवण्यासाठी. तिकडे सुरू तोडण्यासाठी लावतात, शिरोड्याला तो उभा राहावा म्हणून. उपलब्ध संशोधन वाचताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

मुळे व फ्रँकिया : पुळणीच्या वाळूत नत्र जवळजवळ नसतो. तरीही सुरू तेथे फोफावतो, कारण त्याच्या मुळांवर पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठी असतात आणि त्यांत फ्रँकिया हा तंतुमय जिवाणू राहतो. तो हवेतला नत्र झाडाला देतो, झाड त्याला साखर पुरवते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम असतो. फ्रँकिया त्याहून अगदी वेगळ्या गटातला, ॲक्टिनोबॅक्टेरियांपैकी. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांच्यावरून १८८६ मध्ये त्याला नाव मिळाले, परंतु प्रयोगशाळेत तो शुद्ध स्वरूपात वाढवता यायला १९७८ साल उजाडले, तेही सुरूच्या नव्हे तर उत्तर अमेरिकेतील एका झुडपाच्या गाठीतून. २००७ मध्ये फ्रँकियाच्या तीन वाणांचे जीनोम प्रसिद्ध झाले. त्यांत सुरूच्या जवळच्या जातीतून मिळालेल्या सीसीआय-३ या वाणाचा जीनोम सर्वांत लहान, सुमारे ५४ लाख आधारक-जोड्यांचा निघाला. ज्याला अनेक प्रकारची झाडे चालतात त्या वाणाचा सुमारे ९० लाखांचा होता. सुरूचा फ्रँकिया एकाच कुलाशी बांधला गेला आहे आणि त्याचे जनुकभांडारही आटले आहे, असा याचा अर्थ लावला जातो.

व्यवहारात याचा परिणाम सरळ आहे. जिथे पूर्वी सुरू नव्हता तिथल्या मातीत हा जिवाणू असेलच असे नाही. म्हणून रोपवाटिकेत जुन्या सुरूखालची माती मिसळतात किंवा गाठी कुटून त्यांचे पाणी रोपांना देतात. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगलमध्ये १९४८ पासून सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवण्यासाठी सुरूचा पट्टा लावला गेला. तिथल्या मोजणीत हे झाड वर्षाला हेक्टरी सुमारे ५८ किलो नत्र जमिनीत आणते असे दिसले. शिरोड्याच्या वाळूला उपमा द्यायची तर अशा समुद्रकाठच्या टेकड्यांचीच द्यावी लागेल, तमिळनाडूतल्या ओलिताच्या शेतांची नव्हे.

वाढ : सुरू सुरुवातीला झपाट्याने वाढतो, अनुकूल जागी वर्षाला दोन मीटरहूनही अधिक. पूर्ण वाढलेले झाड १५ ते ३० मीटर उंच होते. आयुष्य साधारण चाळीस-पन्नास वर्षे धरले जाते. त्याला सावली सोसत नाही. बनात सुयांचा जाड थर साचतो, त्यावर पडलेले बी वाळूपर्यंत पोचत नाही आणि पोचले तरी वरच्या छत्राखाली रोप जगत नाही. या जातीचे खोड तोडल्यावर नीट फुटतही नाही. त्यामुळे एकदम लावलेले बन एकदमच म्हातारे होते आणि पडलेल्या झाडाची जागा आपोआप भरत नाही. सुरूचे बन हे स्वतःला टिकवणारे जंगल नाही, ती पुनःपुन्हा करावी लागणारी लागवड आहे. वेळागरला काय, किंवा कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही सुरूच्या बनात काय, झाडे दाट दिसतात तोवर ही गोष्ट कोणाच्या मनात येत नाही. पावसाळ्यातल्या लाटांनी पुळण खणली आणि पुढची ओळ मुळांसकट आडवी झाली की मग येते.

आनुवंशिकी : सुरूची गुणसूत्रे १८. त्याचा जीनोम सुमारे ३० कोटी आधारक-जोड्यांचा, म्हणजे वनवृक्षांत बराच लहान, आणि चिनी संशोधकांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक झाडांवर नर व मादी दोन्ही फुले येतात, पण केवळ नर किंवा केवळ मादी झाडेही आढळतात. एखाद्या बनातून बी गोळा करताना हे महत्त्वाचे, कारण शेजारीशेजारी लावलेली झाडे एकाच आईची असली तर बी दिसायला भरपूर, पण नात्यातल्या संकराचे व कमकुवत निघते. भारतातील जुन्या लागवडींचा आनुवंशिक पाया अरुंद असल्याची शंका वनशास्त्रज्ञांना होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत एकाच वेळी बीजस्थान चाचण्या मांडल्या गेल्या, म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांतून आणलेले बी शेजारीशेजारी लावून कोणते कुठे कसे वाढते ते पाहिले गेले. भारतात हे काम कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेने केले. १९८८ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज सुरूसंशोधनाचे देशातील मुख्य केंद्र आहे.

तिथे कॅझुअरिना जुंगहुनियाना या इंडोनेशियाच्या डोंगराळ जातीलाही महत्त्व मिळाले. तिच्या डहाळीच्या सांध्यावर साधारण नऊ ते अकरा दात असतात, त्यावरून ती ओळखता येते. तिची नर व मादी झाडे स्वतंत्र असतात, ती तोडल्यावर फुटते, कोरडेपणा अधिक सोसते आणि खोड सरळ देते. दोन्ही जातींचे संकर करून त्यांतून निवडलेले क्लोन शेतकऱ्यांना दिले गेले. कोवळ्या डहाळ्या मुळे फुटवून वाढवता येत असल्यामुळे एका चांगल्या झाडाची हजारो हुबेहूब रोपे करणे शक्य होते. शेताच्या बांधावर आणि कागदाच्या लाकडासाठी ही मोठीच प्रगती आहे. समुद्राच्या पहिल्या ओळीत मात्र जुंगहुनियाना कितपत पुढे न्यावी याबद्दल सावध राहायला हवे, कारण समुद्राचे खारे तुषार अंगावर झेलण्याचा गुण इक्विसेटिफोलियाचा आहे. शिवाय पुळणीवर एकाच क्लोनची भिंत उभारणे धोक्याचे आहे, आणि हे अनुभवावरून सांगता येते. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून राल्स्टोनिया जिवाणूची मर सुरूत पसरत गेली. तिथल्या लागवडी मोजक्या क्लोनवर उभ्या असल्याने रोगाला रान मोकळे मिळाले. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर २००२ पासून सुरूची झाडे झुरून मरू लागली. तेथेही हाच जिवाणू, वाळवी आणि खोड कुजवणारी बुरशी एकत्र सापडली.

रोग व किडी : भारतात सुरूचा सर्वांत घातक रोग म्हणजे सालीवर फोड आणणारी बुरशी. विसाव्या शतकाच्या आरंभी बुरशीशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी तिचे वर्णन ट्रायकोस्पोरियम व्हेसिक्युलोसम या नावाने केले; अलीकडे तिला सुब्रमण्यनोस्पोरा या प्रजातीत घातले आहे. प्रथम शेंड्याकडच्या डहाळ्या सुकतात. मग खोडाच्या सालीला फुगवटे येतात आणि साल फाटली की आतून काजळीसारखी काळी भुकटी सांडते. ही भुकटी म्हणजे बीजाणू. अशी साल दिसल्यावर झाड वाचत नाही. ते काढून नष्ट करणे आणि शेजारच्या झाडांची मुळे व खोडे दुखावू न देणे एवढेच हाती असते. पर्यटनाच्या पुळणीवर झाडाला खिळे ठोकणे, झोपाळ्याच्या दोराने साल घासणे, बुंध्याशी चूल पेटवणे हे किरकोळ वाटते, पण प्रत्येक जखम बुरशीला दार उघडून देते.

किडींत साल खाणारी अळी (इंडरबेला क्वाड्रिनोटाटा) ओळखायला सोपी. फांदीच्या बेचक्यात ती लाकडात भोक करून दिवसभर आत राहते आणि रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. येण्याजाण्याच्या वाटेवर ती रेशीमधागा, भुसा आणि विष्ठा यांची तपकिरी जाळी विणते. खोडावर लोंबणारी ही पट्टी दिसली की अळी आत आहे असे समजावे. ही अळी आंब्यावर आणि पेरूवरही येते, त्यामुळे कोकणातल्या बागायतदाराच्या ओळखीची आहे. उपायही तोच: जाळी खरवडायची, भोक साफ करून औषधाचा बोळा घालायचा आणि चिखलाने बुजवायचे. खोड पोखरणारी झ्यूझेरा कॉफी ही अळी तरण्या रोपांवर येते. बुंध्याशी लालसर गोळ्यांसारखा भुसा पडतो आणि वाऱ्यात रोप तिथेच मोडते. रोपवाटिकेत मोठे रातकिडे कोवळी रोपे रात्रीत छाटून नेतात.

पुळणीवरील स्थान : २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कडलूर भागात झालेल्या आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खारफुटी आणि सुरूच्या पट्ट्यामागील वस्तीचे नुकसान कमी झाल्याचे दाखवले गेले. त्यानंतर किनाऱ्यावर सुरूच्या लागवडीला जोर आला, आणि तिच्यावर आक्षेपही आले. भरतीच्या रेषेपर्यंत सुरू लावला की वाळू धरणारी मूळची मर्यादवेल आणि ‘रावणाच्या मिशा’ हे गवत सावलीत मरते, आणि कासवांना अंडी घालायला लागणारी मोकळी वाळू उरत नाही. वेंगुर्ला तालुक्याला हे लागू आहे, कारण वायंगणीसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे येतात. फ्लोरिडात तर सुरू उपद्रवी परदेशी झाड म्हणून काढून टाकला जातो. कोकणात इतके टोक गाठण्याची गरज नाही. पुढची वाळू मर्यादवेलीला आणि कासवांना मोकळी ठेवावी, सुरू मागे घ्यावा आणि त्याच्याही मागे उंडी, करंज, केवडा ही इथली झाडे लावावीत, हा क्रम शास्त्राला धरून आहे. बन उतारवयाला आले की पुनर्लागवडीत हा बदल करता येतो.

निवडीचे काम : परदेशातून आलेल्या झाडाची स्थानिक निवड कशी करायची याचा नमुना शिरोड्याच्या जवळच आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूवर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काम केले, ते गावोगावच्या चांगल्या झाडांपासून. १९७४ ची ‘वेंगुर्ला-१’ अणसूरच्या झाडातून निवडली गेली. १९८१ ची ‘वेंगुर्ला-४’ हा मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांचा संकर. अणसूर आणि वेतोरे ही दोन्ही वेंगुर्ला तालुक्यातलीच गावे. सुरूबाबत कोकण किनाऱ्यासाठी अशी निवड व्हायला हवी, आणि तिचा निकष लाकडाचे वजन हा नसून वाऱ्यातला टिकाव हा असावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात झाडांची मोठी पडझड झाली. अशा वादळानंतर उभी राहिलेली, सरळ खोडाची, फोडरोग नसलेली झाडे हे मातृवृक्षांचे पहिले उमेदवार. मात्र एखादे झाड वाचले ते त्याच्या गुणामुळे की आडोशाला होते म्हणून, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मातृवृक्षाचे बी वेगळे ठेवून त्याची रोपे भरतीच्या रेषेपासून निरनिराळ्या अंतरांवर, एकमेकांत मिसळून लावावी लागतात. मग खोडाचा कल, शेंड्याचे भाजणे, बेचक्यांची संख्या आणि सालीची स्थिती यांची नोंद दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन, ठेवावी लागते.