स्थान आणि निर्देश : संगणकाच्या प्रारंभिक आज्ञांतील पत्त्यांचा विचार

वस्तू आणि तिचे नाव यांतील भेद भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. संगणकाच्या स्मृतीत मात्र हा भेद क्रमाक्रमाने निर्माण झाला. स्मृतीतील प्रत्येक घरास क्रमांक असतो. त्यास पत्ता म्हणतात. हा पत्ता प्रत्यक्ष घराचा, की आज्ञावलीने कल्पिलेल्या घराचा, हा प्रश्न यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या आज्ञांत विशेष तीव्रतेने उभा राहतो.

केंब्रिज येथील एड्सॅक यंत्र मे १९४९ मध्ये सुरू झाले. त्याच्या ३१ प्रारंभिक आज्ञा डेव्हिड व्हीलर यांनी रचल्या होत्या. त्या ० ते ३० या घरांत उतरत आणि पुढील आज्ञावली कागदी फितीवरून वाचून घेत. परंतु एकच उपआज्ञावली निरनिराळ्या कामांत निरनिराळ्या घरांत बसवावी लागे. त्याच वर्षी व्हीलर यांनी ४१ आज्ञांचा नवा संच रचला. त्यात आज्ञेच्या अखेरीस ‘थीटा’ हे अक्षर असल्यास पत्त्यात उपआज्ञावलीचे आरंभस्थान मिळविले जाई. ‘एफ’ असल्यास काहीच मिळविले जात नसे. सापेक्ष पत्ता आणि निरपेक्ष पत्ता यांतील भेद असा लेखनातच उमटला.

मँचेस्टरच्या ॲटलास यंत्राने १९६२ मध्ये हे रूपांतर यंत्ररचनेकडे सोपविले. आज्ञावलीचा आभासी पत्ता निराळा व स्मृतीतील भौतिक पत्ता निराळा झाला. लेखकाची चिंता मिटली. अपवाद राहिला तो रूपांतराची व्यवस्था स्वतःच उभारणाऱ्या प्रारंभिक आज्ञावलीचा.

इंटेल ३८६ कुळातील ३२ बिटी यंत्रांवरील लिनक्स हे याचे स्पष्ट उदाहरण होय. तिचे गर्भतंत्र सामान्यतः १ मेगाबाइटपाशी उतरे; पण त्यातील नावांचे पत्ते ३ गिगाबाइट पुढचे असत. रूपांतर सुरू होईपर्यंत प्रत्येक नावातून हे अंतर वजा करावे लागे. एखाद्या ठिकाणी वजाबाकी राहिली, तरी असेंब्लर हरकत घेत नसे, कारण त्याच्या लेखी दोन्ही केवळ अंकच. यंत्र भलत्याच घरी जाई. आणि त्या क्षणी दोष कळविणारी सोयही बहुधा तयार नसे. पुढे या वजाबाकीस ‘पीए’ असे छोटे नाव दिले गेले व भौतिक पत्ता वाचताक्षणी ओळखू येऊ लागला.

दुसरी अडचण संक्रमणाची. रूपांतर सुरू होताच पुढील आज्ञेचा पत्ता जुन्याच क्रमांकाने वाचला जातो. म्हणून त्याच पृष्ठांची नोंद कोष्टकात दोनदा करितात : एकदा मूळ क्रमांकावर, एकदा वरच्या. वरच्या पत्त्यावर उडी घेतल्यानंतर पहिल्या नोंदीचे प्रयोजन संपते.

मराठीत विभक्तिप्रत्यय नामाचा संबंध शब्दावरच दाखवितो. तो वाचकाच्या तर्कावर सोडीत नाही. ‘थीटा’ आणि ‘पीए’ ही चिन्हे तेच कार्य करितात. यंत्र अंकाचा अर्थ जाणत नाही. तो अर्थ लिहून ठेवणे हे लिहिणाऱ्याचेच काम आहे.