वाडी, चाळ, कॉलनी आणि आपली सोसायटी

मुंबई दाखवायची म्हटली की आपण पाहुण्यांना गेटवे, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह आणि वेळ उरलाच तर हाजी अली दाखवतो. पाहुणे खूश, आपणही मोकळे. पण आपल्या डोंबिवलीकरांनी एकदा तरी बघावी अशी मुंबई वेगळी आहे. आपल्या सोसायटीतली कितीतरी कुटुंबं गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या जागा सोडून इकडे आली. त्या जागा मुळात कशा वसल्या, तिथे कोणाला घर मिळालं आणि कोणाला नाही, हा इतिहास रस्त्यावर चालता चालता वाचता येतो. सकाळची लोकल धरली तर संध्याकाळपर्यंत सगळं बघून होतं. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ही वाट सभासदांपुढे ठेवतो.

सुरुवात फोर्टपासून करावी. सी.एस.एम.टी.ला उतरलो की आपण किल्ल्याच्या हद्दीत असतो, पण किल्ला कुठे दिसत नाही, कारण त्याचे तट १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडले. त्याआधी सगळी वस्ती तटाच्या आत होती. चर्चगेट स्ट्रीटच्या दक्षिणेला इंग्रज आणि उत्तरेला पारशी, बनिया वगैरे एतद्देशीय, अशी सरळ वाटणी होती. १८०३ साली आतल्या बाजारवस्तीला मोठी आग लागली आणि त्यानंतर एतद्देशीयांची वस्ती तटाबाहेर झपाट्याने वाढली. बोरा बझारच्या अरुंद गल्ल्यांतून फिरताना त्या जुन्या दाटीची कल्पना येते. मुंबईत कोण कुठे राहणार, हे कधी पैशाने ठरलं, कधी जातीने, कधी सरकारी हुकुमाने. नुसत्या आवडीनिवडीने क्वचितच.

फोर्टातून बसने गिरगावात यावं आणि खोताची वाडी बघावी. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू घरं. पाठारे प्रभू समाजातल्या एका खोताची ही जमीन. त्याच्याकडून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी जागा घेऊन घरं बांधली. नाव हिंदू खोताचं आणि दारावर क्रूस, यात तिथल्या कोणाला कधी विसंगती वाटली नाही. 'वाडी' या शब्दातच बाग आहे. नारळीपोफळीच्या वाड्या होत्या, त्यांत घरं आली, मग चाळी आल्या. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे. तिथला १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईतला पहिला मानतात. चाळीला चौक नसता, सामाईक गॅलरी नसती, तर सार्वजनिक गणपती बसवायचा कुठे आणि बघायचा कुठून? आपण आज पार्किंगमध्ये मांडव घालतो, तो त्या चौकाचाच वारसा.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघड झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. माणसं हजारोंनी शहर सोडून पळाली. हवाउजेड नसलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या इमारती हे प्लेगचं माहेर, असं सरकारने धरलं आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, नव्या वसाहती आखल्या आणि बी.आय.टी. चाळी बांधल्या. आपण आज सर्रास 'सेट बॅक', 'मोकळी जागा', 'व्हेंटिलेशन' म्हणतो, त्याचा आग्रह या शहरात मूळ धरला तो प्लेगच्या भीतीतून.

आता गिरगावातून चालत गावदेवीला या. ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला सारस्वत सोसायटीच्या इमारती आहेत. फोटो काढावा असं त्यांत फारसं काही नाही, पण आपल्यासाठी हे तीर्थस्थानच म्हणायला हवं. १९१५ साली नोंदलेली ही सहकारी गृहनिर्माण संस्था भारतातली पहिली मानली जाते. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तलमकी. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला त्यांचं अप्रूप जरा जास्त. कारण त्याआधी १९०६ मध्ये त्यांनीच शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली आणि तिला आपल्या गुरूंचं, शामराव विठ्ठल कैकिणींचं नाव दिलं. आधी पतपेढी, मग घर, हा क्रम बघा. कारवारकडून, कानड्यातून नोकरीसाठी आलेल्या कारकून माणसाकडे ना जमीन घ्यायला पैसा, ना कर्जाला तारण. एकट्याची पत नव्हती, ती दहा जणांनी मिळून उभी केली. इमारत संस्थेची, सभासद तिचा भागधारकही आणि भाडेकरूही, अशी ती रचना होती. म्हणजे मालक आणि भाडेकरू एकच. घर खाली करा म्हणणारा तिसरा कोणी नाही!

गृहकर्जाची फाईल बघताना आम्ही शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र हमखास मागायचो. त्या एका कागदावर, पन्नास रुपयांच्या पाच शेअरवर, लाखोंचं कर्ज उभं राहायचं आणि बँकेचा बोजा सोसायटीच्या दप्तरी नोंदवला जायचा. त्या कागदाला ही किंमत आली ती गावदेवीसारख्या ठिकाणी काही कारकुनांनी एकमेकांवर विश्वास टाकला म्हणून.

मात्र एक गोष्ट लपवायची नाही. नावातच 'सारस्वत' आहे. पहिली सोसायटी एका ज्ञातीची होती. परक्या शहरात माणूस आधी आपल्या माणसांकडे जातो, त्यात गैर काही नाही. ग्रँट रोडच्या पूर्वेला भेंडीबाजारात जा, तिथेही तेच. दाऊदी बोहरा व्यापारी दुकानावर घर करून राहिले. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे गवई बंधू याच भागात राहिले, आणि गाण्याच्या एका घराण्याला भेंडीबाजार हे वस्तीचंच नाव मिळालं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. वस्ती मुसलमानी, विद्या मात्र दार उघडून बसलेली. आज तिथल्या सुमारे साडेसोळा एकरांवरच्या जुन्या इमारती पाडून एकत्रित पुनर्विकास चालू आहे. २००९ मध्ये त्यासाठी बोहरा समाजाने वेगळा ट्रस्टच काढला.

भायखळ्यावरून लालबाग-परळला येताना गिरणगाव लागतं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, ती १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. मग गिरण्या वाढल्या आणि कोकण, सातारा, घाटावरून माणूस आला. एका खोलीत एका गावची दहा-पंधरा माणसं. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. जेवण खानावळवाल्या बाईकडे. अशाच बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' नावाने उभी केली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. खोल्या विकून बरीच माणसं ठाणे, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. आपल्या 'बी' विंगमधल्या काही घरांचा इतिहास इथेच सुरू होतो.

याच पट्ट्यात परळला बी.आय.टी. चाळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे दोन खोल्यांत कित्येक वर्षं राहिले. त्याची दुसरी बाजूही आठवावी. १९१७ मध्ये परदेशी विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याला सरकारी नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी सराईत जात लपवून राहावं लागलं आणि कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. हुद्दा होता, पगार होता, भाडं द्यायची तयारी होती. घर नव्हतं. मुंबईत आसरा दिला तो ट्रस्टच्या चाळीने.

शेवटचा मुक्काम दादर पूर्व. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत शेजारी शेजारी दोन वसाहती आहेत. पारशी कॉलनी मंचेरजी जोशी या ट्रस्टच्याच इंजिनिअरच्या प्रयत्नाने पारशांसाठी राखली गेली. पाच बागा, रांगेत झाडं, शांत रस्ते. पलीकडे हिंदू कॉलनी. त्या हिंदू कॉलनीतच बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात 'राजगृह' बांधलं, मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. परळची चाळ ते राजगृह हे अंतर बसने पंधरा-वीस मिनिटांचं आहे. राजगृहासमोर उभं राहून बडोद्याची सराई आठवली की ते अंतर किती, ते कळतं.

हे सगळं स्मरणिकेत कशाला, असं कोणी विचारेल. कारण सांगतो. मागे आपल्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये एक सूचना आली होती. यापुढे फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना 'आपल्यासारख्याच' कुटुंबांना द्यावा, असा ठराव करू या. सूचना करणारे माझे चांगले शेजारी आहेत, हेतूही वाईट नव्हता. त्यांना शांतता हवी होती. चर्चा रंगली, चहा आला आणि विषय पुढे ढकलला गेला. म्हणजे तो संपलेला नाही.

कायद्याचं म्हणाल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. दुसरीकडे आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २३ सांगतं की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. आणि आपल्या उपविधीत ज्ञातीची अट मुळातच नाही.

पण मला कायद्यापेक्षा आपलं सभासदांचं रजिस्टर महत्त्वाचं वाटतं. मी पाच वर्षं खजिनदार होतो, तेव्हा ते अनेकदा चाळलं आहे. पहिल्या पानावर मालवण, कराड, धारवाड, जळगाव आणि केरळातलं एक गाव आहे. पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी फुटली, लिफ्ट बंद पडली, एका सभासदाला मध्यरात्री हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा कोण कुठला हे कोणी विचारलं नाही. तलमकींच्या काळी ज्ञाती ही माणसाची पत होती, कारण दुसरी पत त्याच्याकडे नव्हतीच. आपल्याकडे आता पंचवीस वर्षांचा हिशेब आहे, ऑडिट झालेला. कुंपण घालायचंच कारण काय?

तो ठराव पुन्हा आला तर माझं मत विरोधात नोंदवावं, हे सेक्रेटरींना आताच सांगून ठेवतो.

जाता जाता एक सूचना. ही फेरी सुट्टी सोडून करा, नातवंडांना बरोबर न्या आणि परत येताना दादरहूनच गाडी पकडा. खोताच्या वाडीत मात्र हळू बोला आणि विचारल्याशिवाय कोणाच्या ओटीचे फोटो काढू नका. तिथे अजून माणसं राहतात.