शाळेतले मंत्रिमंडळ आणि त्याचे खाते

राहाता म्हटले की बाहेरच्या माणसाला पेरू आठवतात, नाहीतर शिर्डीच्या रस्त्यावरचे एक गाव. आम्ही आज या तालुक्याकडे वेगळ्या कारणासाठी बघणार आहोत. मुलांनी शाळेत लोकशाही कशी शिकायची, आणि आतापर्यंत ती कुठे कुठे कशी शिकली गेली, हा आजचा विषय.

आपल्याकडे जून-जुलैत शाळा रुळल्या की गावोगावच्या शाळांत निवडणूक लागते. उमेदवारी अर्ज, चिन्हवाटप, प्रचार, बोटाला शाई, सगळे यथासांग. अलीकडे मोबाइलवर मतदान यंत्रासारखे ॲप वापरतात. निकाल लागतो, शपथविधी होतो, फोटो निघतो. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, पाणीमंत्री. हे सगळे शिक्षक हौसेने करतात, आणि त्या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. चौथीतली मुलगी गुप्त मतदान म्हणजे काय हे अनुभवाने शिकते, ही लहान गोष्ट नाही.

पण पुढे काय होते? पाणीमंत्री टाकीजवळ उभा राहून रांग लावतो. टाकी कधी धुवायची, नळ दुरुस्तीला पैसे कुठून येतील, हे त्याला कोणी विचारत नाही. शिवाय एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आपण शाळेत मंत्रिमंडळ केले, पण त्या मंत्रिमंडळाला प्रश्न विचारणारे सभागृह केले नाही. मंत्री आहेत, विधानसभा नाही! म्हणजे लोकशाहीतला जो भाग मिरवायचा तो आपण घेतला, आणि ज्यात उत्तर द्यावे लागते तो सोडून दिला.

हे असेच असावे लागते का? इतिहास सांगतो की नाही.

पोलंडमध्ये वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर होते. १९१२ मध्ये त्यांनी ज्यू अनाथ मुलांचे एक वसतिगृह चालवायला घेतले. तिथे मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुलेच. तक्रार कोणाविरुद्धही करता येई, मोठ्या माणसांविरुद्धसुद्धा. खुद्द कोर्चाक यांच्यावर सहा महिन्यांत पाच खटले झाले, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या न्यायालयाची संहिता पाहण्यासारखी आहे. पहिली नव्व्याण्णव कलमे आरोप सोडून देण्याची किंवा क्षमेची. दोष ठरवणारी कलमे शंभरच्या पुढे सुरू होतात, आणि सर्वांत कठोर हजारावे, वसतिगृहातून काढून टाकण्याचे. शिक्षा द्यायला बसलेल्या मुलाला क्षमा करण्याची नव्व्याण्णव कारणे आधी ओलांडावी लागत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, पण न्यायाची इतकी चांगली शिकवणी आम्ही क्वचित पाहिली.

जाता जाता सांगतो. जुलै १९४२ मध्ये, नाझींनी कोंडलेल्या त्या वस्तीत, कोर्चाक यांच्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. पुढच्याच महिन्यात मुलांसह त्यांना ट्रेब्लिंका या छावणीकडे नेले गेले, आणि तिथून कोणी परत आले नाही. पुढे १९७८ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव मांडणारा देश पोलंडच होता. तो करार १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला, भारताने १९९२ मध्ये. मुलाशी संबंधित बाबीत मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे त्याचे बारावे कलम सांगते. म्हणजे आपल्या पाणीमंत्र्याच्या पाठीशी खरे तर एक आंतरराष्ट्रीय करार उभा आहे. त्याला ते माहीत नाही, एवढेच.

आता आपल्या घरी येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांचे एक गुरू जॉन ड्यूई. ड्यूई यांचे लोकशाही आणि शिक्षणावरचे पुस्तक १९१६ चे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लोकशाही ही नुसती राज्य चालवायची पद्धत नाही. माणसे एकमेकांबरोबर कशी राहतात, एकमेकांचे अनुभव कसे वाटून घेतात, त्याचे ते नाव आहे. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधात बाबासाहेब हाच धागा जातीपर्यंत नेतात. ज्यांचे खाणेपिणे, उठणेबसणे वेगळे, त्यांची लोकशाही कशी होणार?

आणि बाबासाहेबांनी हे नुसते लिहिले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद होती. संसद, बरे का, मंत्रिमंडळ नव्हे. जानेवारी १९५० मध्ये, राज्यघटना अमलात यायला काही दिवस उरले असताना, देशाचे कायदेमंत्री या विद्यार्थ्यांच्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या विधेयकावरून देशभर रण माजले होते आणि जे पुढे त्यांच्या राजीनाम्याचे एक कारण झाले, तेच त्यांनी मुलांपुढे मांडले. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सोपा, निरुपद्रवी विषय शोधला नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

दुसरी परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांची. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचे वसतिगृह १९२४ चे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तिथे निवडणुकांचे नाटक नव्हते. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, आणि धान्य निवडणे, स्वयंपाक, पाणी, शेतातले काम हे आपापसांत वाटून घेत. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत असा एखादा आजोबा निघेल जो ‘रयत’मध्ये शिकला. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की खरी राजकारणाची शाळा म्हणजे खानावळ. महिन्याच्या शेवटी हिशेब लागला नाही की वर्गातला सगळ्यात लाजरा मुलगासुद्धा उभा राहून विचारतो, तेल इतके कसे लागले? इथे निवडून दिलेल्या माणसाला वही दाखवावी लागते. ‘खाते’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात. मंत्र्याचे खातेही आणि हिशेबाचे खातेही.

आता राहात्याकडे वळू. या तालुक्याच्या मातीतच अशा दोन शाळा आहेत, इमारती नसलेल्या.

पहिली लोणीची. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९४८ च्या अखेरीस नोंदला गेला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. कमी बोलले जाते ते नियमाबद्दल. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत असे नसते, तिथे जितके शेअर तितकी मते. हा नियम आला कुठून? तर युरोपातून. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या अठ्ठावीस विणकर आणि कारागिरांनी एक छोटे दुकान काढले. एक माणूस एक मत हा त्यांचा नियम, आणि त्यांनी नफ्यातला काही भाग शिक्षणासाठी राखून ठेवायची प्रथा पाडली. इंग्लंडमध्ये तेव्हा सामान्य कामगाराला पार्लमेंटसाठी मत नव्हते, हे लक्षात घ्या. पीठ, लोणी, साखर, ओटचे दाणे विकणाऱ्या दुकानात त्याला ते देशाच्या आधी मिळाले. तो नियम शंभरेक वर्षांत प्रवरेच्या काठी आला. सहकाराचे पुढे काय झाले, निवडणुका कशा बिनविरोध होऊ लागल्या, सभेत किती जण प्रश्न विचारतात, यावर तुमच्याकडे भरपूर मते असतील. असावीत. पण आपल्या मुलांना युरोपीय लोकशाही शिकवायची तर ब्रसेल्सच्या आधी इथला ताळेबंद वाचायला द्यावा, असे आमचे मत आहे.

दुसरी शाळा पुणतांब्याची. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या ग्रामसभेने शेतकऱ्यांनी संपावर जायचा ठराव केला. १ जूनला संप सुरू झाला, शहरांचे दूध आणि भाजी अडली. जून संपेपर्यंत राज्य सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. संप बरोबर होता की चूक, रस्त्यावर दूध ओतावे का, हा वाद आज नको. आम्हाला त्यातली एकच रात्र महत्त्वाची वाटते. २ जूनच्या रात्री सुरू झालेली मुख्यमंत्र्यांबरोबरची चर्चा पहाटेपर्यंत चालली, आणि शिष्टमंडळाने संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. लगेच राज्यभरातून आवाज उठला, यांना माघार घ्यायचा अधिकार कोणी दिला? ठराव सभेचा, मग माघार चार-पाच जणांची कशी? संप पुढे चालूच राहिला.

आता बघा. प्रतिनिधी म्हणजे काय? त्याने पाठवणाऱ्यांचा निरोप तेवढा पोचवायचा, की समोर बसून स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा? एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे हाच प्रश्न मांडला होता आणि विवेकाच्या बाजूने कौल दिला होता. पुढच्या निवडणुकीत ब्रिस्टलने त्यांना परत पाठवले नाही, हेही खरे. आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षे बर्कच्या उदाहरणाने शिकवला. राहात्याच्या नववीच्या वर्गाला तो पुणतांब्याच्या उदाहरणाने शिकवता येतो. वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी त्या दिवसांचा साक्षीदार बसलेला आहे. मुलांनीच जाऊन विचारावे, टिपून आणावे, आणि वर्गात दोन बाजू करून मांडावे. शिक्षकाने मागच्या बाकावर बसावे.

युरोपात सध्या असेच काहीसे चालते. युरोपीय संसदेचा शाळांसाठी एक कार्यक्रम आहे. त्यात विद्यार्थी ‘ज्युनिअर अँबॅसेडर’ होतात, शिक्षक ‘सीनिअर’. मुले शाळेत माहितीचा कोपरा चालवतात, ९ मे हा युरोप दिन साजरा करतात, संसद कशी चालते ते इतर मुलांना समजावतात. चांगले आहे. तरी आम्हाला त्यातही आपल्या शपथविधीसारखा थोडा उत्सव दिसतो. माहितीचा कोपरा आणि कोर्चाक यांचे न्यायालय यांत फरक आहे. एका ठिकाणी मूल संस्थेची ओळख करून देते, दुसऱ्या ठिकाणी संस्था चालवते.

आपली विसंगती तर याहून मोठी. चौथीतल्या मुलाला आपण मतपेटी देतो. कॉलेजात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमायची पद्धत आणली. कारण होते हिंसाचार, आणि ते खोटे नव्हते. २०१६ च्या कायद्याने निवडणूक परत आणली, २०१९ मध्ये वेळापत्रकापर्यंत गोष्ट आली, आणि निवडणुका राहिल्या. मतदानाचे वय १९८९ पासून अठरा. म्हणजे एकोणीस वर्षांची मुलगी खासदार निवडते, वर्गप्रतिनिधी निवडत नाही. जिथे काही ठरवायचे नसते तिथे मत द्या, जिथे काही ठरू शकते तिथे देऊ नका, असा हा क्रम दिसतो.

शाळेपुरते सांगायचे तर नवा कायदा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. महाराष्ट्रात त्या समितीत दोन विद्यार्थ्यांनाही जागा आहे. पण ही दोन मुले कोण, हे शाळेतल्या किती मुलांना ठाऊक असते? ती मुले मंत्रिमंडळातून पाठवा. बैठकीत काय झाले ते त्यांनी दुसऱ्या दिवशी परिपाठाला सांगावे, आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. खिचडीच्या तांदळाची नोंदवही महिन्यातून एकदा आठवीच्या मुलांपुढे उघडावी. टाकी धुतल्याची तारीख पाणीमंत्र्याने फळ्यावर लिहावी, आणि नाही धुतली तर का नाही, तेही लिहावे. एवढे मुख्याध्यापकांच्या अधिकारात आहे, याला वरून परिपत्रक यावे लागत नाही.

तुमचे प्रश्न घेऊ या. शिक्षक मंडळींनी आधी विचारावेत, टाकीवरून ती नाराज झाली असतील.