फुटबॉलच्या नव्या बखरी

बखरीचें नांव निघालें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनांत प्रेम आणि संशय हे दोन भाव एकदमच जागे होतात. प्रेम अशासाठीं कीं, मराठी गद्याचें एक अत्यंत जोमदार रूप तेथें पाहावयास मिळतें. आणि संशय अशासाठीं कीं, बखर ही बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेली असते. कृष्णाजी अनंत सभासदानें शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें तें जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेनें. पुढें १८९८ मध्यें वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कडक झडती घेतली. ती प्रस्तावना ज्यानें एकदां वाचली, तो जन्मभर कोणतीहि बखर हातीं घेतांना आधीं एवढेंच विचारतो कीं, ही लिहविली कोणीं?

हाच प्रश्न आज एका सर्वस्वीं निराळ्या वाङ्मयप्रकाराविषयीं विचारावा असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांतील फुटबॉल क्लबांच्या अंतर्गत कारभाराचें चित्रण करणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिका आतां आपल्याकडेहि घरोघरीं पाहिल्या जातात. सामना दाखविणें हा त्यांचा मुख्य उद्देश नसतो. सामन्याच्या आधीं व नंतर बंद दारांआड जें घडतें, तें दाखविण्याची त्यांची प्रतिज्ञा असते. आमच्या घरांतील तरुण मंडळी रात्र रात्र जागून त्या पाहतात, आणि ज्या गांवाशीं आपला कोणताहि संबंध नाहीं त्या गांवच्या क्लबाच्या पराभवानें सकाळीं खिन्न असतात. प्रथम आम्हीं या छंदाची थट्टा केली. मग कुतूहलानें शेजारीं बसलों. आणि शेवटीं इतिहासाच्या शिक्षकाची खोड जागी होऊन हा लेख लिहावयास बसलों.

हा प्रकार अगदीं अलीकडचा आहे अशी तरुणांची समजूत असते; ती बरोबर नाहीं. १९८० सालच्या ऑक्टोबरांत मँचेस्टर सिटी या क्लबाची दशा अशी होती कीं, मोसम सुरू होऊन बरेच आठवडे लोटले तरी लीगमध्यें त्याला एकहि विजय मिळाला नव्हता. ग्रॅनाडा या दूरचित्रवाणी कंपनीचे लोक त्याच वेळीं क्लबांत चित्रण करीत होते. संघ निवडणें, खेळाडूंना शिकविणें व हार झाल्यास शिव्या खाणें हीं तिन्ही कामें इंग्लंडांत ज्या एका गृहस्थाकडे असतात त्यास मॅनेजर म्हणतात. त्या पदावरील माल्कम ॲलिसन यांस दूर करण्यांत आलें, आणि संचालकांनीं जॉन बाँड यांची मुलाखत घेतली तीहि कॅमेऱ्यानें टिपली. १९८१ मध्यें तो कार्यक्रम लोकांनीं पाहिला. त्याच मोसमांत बाँड यांचा संघ एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला व फेरसामन्यांत टॉटनहॅमकडून हरला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, संचालकांच्या खोलीचें दार प्रथमच असें सताड उघडलें गेलें.

दुसरें प्रकरण क्लबाचें नव्हे, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचें आहे; पण तें वगळून हा इतिहास सांगतां येत नाहीं. मॅनेजर ग्रॅहम टेलर यांनीं १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांत स्वतःच्या अंगावर ध्वनिग्राहक बाळगण्यास संमति दिली होती. १३ ऑक्टोबर १९९३ रोजीं रॉटरडॅम येथें हॉलंडनें इंग्लंडचा २-० असा पराभव केला. ज्या डच खेळाडूस मैदानाबाहेर काढावयास हवें होतें असें इंग्लंडचें म्हणणें होतें, त्यानेंच थोड्या वेळानें पहिला गोल केला. तेव्हां मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याशीं टेलर ज्या व्याकुळतेनें बोलत राहिले, ती व्याकुळता शब्दशः टिपली गेली. पुढच्याच महिन्यांत सॅन मारिनोसारख्या चिमुकल्या देशानें दहा सेकंदांच्या आंत इंग्लंडवर गोल केला. इंग्लंडनें तो सामना ७-१ असा जिंकला, तरी विश्वचषकाचें दार बंदच झालें. टेलर यांनीं राजीनामा दिला, आणि १९९४ च्या जानेवारींत चॅनल फोरनें तो माहितीपट दाखविला. लोक हंसले. आम्हांस मात्र तो पाहतांना हंसूं आलें नाहीं. आपली नोकरी आपल्या डोळ्यांदेखत जात आहे हें कळत असतांहि पंचांच्या मदतनिसाशीं सभ्यपणें बोलण्याचा प्रयत्न करणारा एक मध्यमवयीन मनुष्य त्यांत आम्हांस दिसला.

तिसरें प्रकरण सर्वांत कठोर आहे. पूर्व लंडनमधील लेटन ओरिएंट हा एक लहान क्लब. त्याचे अध्यक्ष टोनी वुड यांचा कॉफीचा व्यापार रवांडांत होता. १९९४ मध्यें त्या देशांत भीषण नरसंहार झाला, व्यापार बुडाला, आणि त्याचा धक्का हजारों मैलांवरील या क्लबास बसला. क्लब अवघ्या पांच पौंडांस देण्याची तयारी अध्यक्षांनीं दाखविली. १९९४-९५ च्या मोसमांत संघाची धुरा ज्या दोघांकडे होती त्यांपैकीं एक जॉन सिटन. ब्लॅकपूलविरुद्धच्या सामन्यांत मध्यंतरास ते खेळाडूंच्या खोलींत आले, संतापाच्या भरांत त्यांनीं एका अनुभवी खेळाडूस तेथल्या तेथें कामावरून काढलें, आणि आणखी दोघांस जवळजवळ मारामारीचें आव्हान दिलें. कॅमेरा चालूच होता. मोसमाअखेर संघ तक्त्याच्या तळाशीं गेला; बॅरी हर्न यांनीं क्लब घेतला; सिटन यांस काढून टाकण्यांत आलें. लीगमधील कोणत्याहि क्लबाचें मॅनेजरपद त्यांस पुन्हां मिळालें नाहीं. पुढें ते लंडनमध्यें टॅक्सी चालवूं लागले.

येथें इतिहासलेखकानें थोडें थांबावयास हवें. त्या खोलींत जें घडलें तें खोटें नव्हतें. कोणीं रचलेलेंहि नव्हतें. राजवाड्यांस हवा असलेला अस्सल कागद तो हाच, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु एका मनुष्याच्या अनेक वर्षांच्या कामांतून कांहीं मिनिटें उचलावयाचीं आणि तींच त्याचें चरित्र म्हणून जगापुढें ठेवावयाचीं, हा न्याय कितपत योग्य? ज्याला पगार द्यावयास क्लबाजवळ पैसे नाहींत, ज्याच्या हाताखालचे लोक उद्यां येथें असतील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, त्याच्या संतापाचें मूळ रवांडांत होतें कीं त्याच्या स्वभावांत? अस्सल कागदहि त्याच्या आगेमागेंचे कागद पाहिल्यावांचून वाचूं नये, हा नियम आपण पत्रव्यवहारास लावतों. तो चित्रफितीस अधिकच लागू आहे, कारण चित्रफीत वाचावी लागत नाहीं, ती नुसती दिसते, आणि दिसलेल्या गोष्टीविषयीं कोणी शंका घेत नाहीं.

पुढें काळ पालटला. १९९२ मध्यें प्रीमियर लीगची स्थापना झाली, दूरचित्रवाणीचा पैसा क्लबांकडे वाहूं लागला, आणि गांवचा क्लब हा जगाच्या बाजारांतील माल झाला. ज्याला जगभर गिऱ्हाईक हवें, त्याला स्वतःची कथाहि जगभर सांगावी लागते. २०१८ च्या ऑगस्टमध्यें ॲमेझॉननें मँचेस्टर सिटीवरील 'ऑल ऑर नथिंग' ही मालिका प्रसिद्ध केली. तोच क्लब, परंतु १९८१ ची कळा आतां कोठेंहि नव्हती. २००८ पासून क्लब अबू धाबीच्या राजघराण्यांतील शेख मन्सूर यांच्या मालकीचा होता, आणि चित्रित झालेल्या मोसमांत संघानें लीगमध्यें १०० गुण मिळविले होते. मालिका देखणी आहे. गार्डिओला फळ्यावर डावपेच समजावून देतात तीं दृश्यें शिक्षकानें मुद्दाम पाहावींत अशीं आहेत. परंतु पैशाच्या हिशेबाची चौकशी ती करीत नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींत प्रीमियर लीगनें याच क्लबावर २००९ पासूनच्या कालखंडाविषयीं नियमभंगाचे शंभरांहून अधिक आरोप ठेवले व क्लबानें ते नाकारले. खरेंखोटें ठरविण्याचें काम आमचें नव्हे. दरबारी बखरींत दरबाराच्या खजिन्याचें प्रकरण सहसा नसतें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

टॉटनहॅमवरील २०२० च्या मालिकेंतहि हाच अनुभव येतो. पोचेटिनो यांनीं २०१९ च्या जूनमध्यें संघास चँपियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें होतें. त्याच नोव्हेंबरांत त्यांस निरोप मिळाला. तो निर्णय जेथें झाला ती बैठक मात्र प्रेक्षकांस दिसत नाहीं. चाळीस वर्षांत कॅमेरे वाढले, आणि दार पुन्हां अर्धवट लोटलें गेलें. वेल्समधील रेक्सहॅमचें उदाहरण तर याहून पुढचें आहे. १८६४ मध्यें स्थापन झालेला हा क्लब चाहत्यांच्याच संस्थेकडून २०२१ च्या फेब्रुवारींत रायन रेनल्ड्स व रॉब मॅकएल्हेनी या दोन नटांनीं घेतला आणि २०२२ पासून त्याची मालिका सुरू केली. मालिकेनें कीर्ति आणली, कीर्तीनें पैसा आणला, आणि २०२३, २०२४ व २०२५ अशा सलग तीन वर्षीं संघ वरच्या श्रेणींत चढला. येथें राज्याची बखर होण्याऐवजीं बखरीनेंच राज्य वाढविलें!

या सर्वांत आमच्या मतें सरस मालिका म्हणजे 'संडरलँड टिल आय डाय' ही होय. ईशान्य इंग्लंडांतील संडरलँड हें जहाजें बांधणाऱ्या व कोळसा खणणाऱ्या लोकांचें गांव. तेथील शेवटची गोदी १९८८ मध्यें बंद पडली, मंकवेअरमथची खाण १९९३ मध्यें. आणि त्या खाणीच्याच जागेवर १९९७ मध्यें क्लबाचें नवें मैदान उभें राहिलें. बाहेर खाणीतल्या दिव्याची प्रतिमा उभारलेली आहे. गांवाजवळ अभिमानानें सांगण्यासारखें जें उरलें तें या क्लबांतच उरलें. २०१७ मध्यें संघ प्रीमियर लीगमधून खालीं घसरला होता. तो पुन्हां वर चढत असल्याची कथा सांगावी, या आशेनें चित्रण सुरू झालें. चित्रकर्ते स्वतः क्लबाचे चाहते. परंतु दैवानें बखरकाराची फजिती केली: २०१८ मध्यें संघ आणखी एक श्रेणी खालीं गेला.

त्यामुळेंच ती मालिका वाचली. विजयाची कथा हातीं नसल्यामुळें कॅमेऱ्यास इतर माणसांकडे वळावें लागलें: चर्चमध्यें क्लबासाठीं प्रार्थना करणारा धर्मगुरु, क्लबाच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बाया, मालक बदलला तर आपली नोकरी राहील काय या चिंतेंतले कारकून. दुसऱ्या भागांत, २०१९ च्या जानेवारींत, खेळाडूंच्या खरेदीची मुदत संपण्याच्या रात्रीं नवे मालक सहकाऱ्यांचा सल्ला बाजूस सारून एका खेळाडूची किंमत वाढवीत जातात, तें दृश्य कोणत्याहि सभेच्या इतिवृत्तांत आलें नसतें. त्याच मे महिन्यांत वेंब्लीवर चार्ल्टनविरुद्ध अगदीं शेवटच्या क्षणीं गोल होऊन संघ हरला. वर चढण्यास २०२२ साल उजाडलें, आणि प्रीमियर लीग पुन्हां दिसली ती २०२५ मध्यें.

आपल्याकडेहि असेंच झालें नाहीं काय? भाऊसाहेबांची बखर आजहि वाचकास चटका लावते. ती पानिपतच्या पराभवाची कथा आहे. पराभवांत स्तुतीस जागा नसते, म्हणून माणसें दिसूं लागतात. तथापि पराभवाचा बखरकार खरेंच बोलतो असेंहि नाहीं. त्याला दोषी कोण हें ठरवावयाचें असतें, आणि तो दोष पुष्कळदां एकाच माणसाच्या माथीं मारून मोकळा होतो. ओरिएंटच्या माहितीपटानें तेंच केलें.

हें लिहितांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवते, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचा इतिहास लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. जुन्या कागदांत एका शिक्षकास संस्थेनें अन्यायानें दूर केल्याचें प्रकरण निघालें. चालकांनीं सौम्यपणें सुचविलें, आणि आम्हीं तें पान गाळलें. ग्रंथांत खोटें एकहि वाक्य नाहीं. तरीहि तो इतिहास नव्हे, ती बखर झाली. त्या शिक्षकांची मुलगी प्रकाशनास आली होती. तिनें पुस्तक चाळलें, वडिलांचें नांव शोधलें, आणि कांहीं न बोलतां तें पुन्हां टेबलावर ठेविलें.

म्हणून या मालिका पाहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. आवर्जून पाहाव्या, शंभर वर्षांनीं आमच्या काळाचा इतिहास लिहिणारा मनुष्य त्यांना साधन म्हणून हात लावीलच, आणि स्वयंपाकघरांतल्या त्या बायांबद्दल तो त्यांचे आभार मानील. फक्त पाहतांना दोन प्रश्न विचारावे: कात्री कोणाच्या हातीं होती, आणि कोणतें दार उघडलें नाहीं? आमच्या घरांतील मुलांनीं परवां एक नवी मालिका लावली, तेव्हां पहिला प्रश्न धाकट्यानेंच विचारला. आम्ही पुढें सरकून बसलों.