वातावरण आणि वारसा : ब्लॅक मेटलच्या रसिकांमधील एक वाद

मराठी कथासमीक्षेत ‘वातावरणनिर्मिती’ ही संज्ञा बहुधा शेवटी येते. कथानक, व्यक्तिरेखा, आशयसूत्र यांचे विवेचन झाल्यावर उरलेल्या गुणांच्या यादीत तिला स्थान मिळते. वातावरण हे साधन, साध्य वेगळेच, असे त्यामागील गृहीत असते. या गृहीताला छेद देणारा एक संगीतप्रकार १९९० च्या दशकात युरोपात उदयास आला. पुढे ‘अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. या प्रकाराइतकाच त्याच्या रसिकांमध्ये चालत आलेला वादही साहित्याच्या अभ्यासकाला उद्बोधक आहे. कारण ‘प्रभाव’ या समीक्षेतील जुन्या संकल्पनेची कसोटी त्यात लागली आहे.

‘ब्लॅक मेटल’ हे नाव इंग्लंडमधील ‘व्हेनम’ या बँडच्या १९८२ मधील ध्वनिमुद्रिकेवरून आले. त्याच दशकात स्वीडनच्या ‘बॅथरी’ने या शैलीला अधिक उग्र रूप दिले. १९९० नंतर नॉर्वेमध्ये तिची लक्षणे स्थिर झाली : गिटारच्या तारेवर एकेका स्वराचा अतिजलद, अखंड आघात, चिरकलेला कंठस्वर आणि हेतुतः खडबडीत ठेवलेले ध्वनिमुद्रण. यातूनच एक संथ, दीर्घ, आवर्तनप्रधान धारा निघाली. ‘बुर्झुम’ या नावाने एकट्याने संगीत करणाऱ्या वार्ग विकेर्नेस याच्या ‘ह्विस लीसेत तार ओस’ (१९९४) मध्ये चारच रचना आहेत. त्यांतील शेवटची शब्दविरहित असून केवळ सिंथेसायझरवर चौदा मिनिटांच्या आसपास चालते. ‘उल्व्हर’च्या ‘बेर्गतात’ (१९९५) मध्ये पर्वतातील अद्भुत शक्तींनी भुलवून नेलेल्या मुलीची लोककथा जुन्या वळणाच्या भाषेत येते. ऑस्ट्रियाच्या ‘समनिंग’ने ‘मिनास मॉर्गुल’ (१९९५) पासून टॉल्किनच्या कल्पित भूगोलाला नाद दिला.

रसिकांनी काढलेली लघुनियतकालिके आणि टपालाने होणारी ध्वनिफितींची देवघेव यांवर हे विश्व पोसले गेले. नॉर्वेत १९८५ पासून निघालेले ‘स्लेयर’ हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. अशा रसिकमंडळींत गुणवत्तेची चर्चा वंशावळीच्या चर्चेपासून क्वचितच वेगळी राहते. एक पक्ष सर्व काही ‘बुर्झुम’पासून सुरू झाले असे मानतो. दुसरा ‘बॅथरी’च्या ‘ब्लड फायर डेथ’ (१९८८) आणि ‘हॅमरहार्ट’ (१९९०) मधील दीर्घ रचनांकडे बोट दाखवतो. तिसऱ्या पक्षाच्या मते या संगीतातील आवर्तनाचे मूळ मेटलच्या बाहेर, जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतात आहे. प्रत्येक पक्षाजवळ पुरावे आहेत, आणि तरीही वाद मिटत नाही. प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतःच निर्माण करतो, हे बोर्हेसने काफ्काच्या संदर्भात १९५१ मध्ये मांडलेले सूत्र येथे लागू पडते. ‘वातावरणप्रधान’ हे वर्गनाम रूढ झाल्यावरच जुन्या ध्वनिमुद्रिकांतील वातावरण ‘मूळ’ म्हणून ऐकू येऊ लागले.

परंतु या वंशावळीत केवळ सौंदर्यविचार गुंतलेला नाही. १९९२ पासून नॉर्वेत चर्चेस जाळण्याचे सत्र सुरू झाले. १० ऑगस्ट १९९३ रोजी ‘मेहेम’ या बँडचा गिटारवादक ओइस्टाइन ऑर्सेथ याचा खून झाला. या खुनाबद्दल आणि चर्चेस जाळल्याच्या गुन्ह्यांबद्दल विकेर्नेसला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ मध्ये त्याची सुटका झाली. पुढे २०१४ मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने वांशिक द्वेषाला चिथावणी दिल्याबद्दलही त्याला दोषी ठरवले. ज्याला आद्य पूर्वसूरी म्हणायचे, तो असा आहे.

येथे रसिकांचा युक्तिवाद दोन वाटांनी जातो. पहिली वाट कालक्रमाची : ‘फिलोसोफेम’ प्रकाशित झाली १९९६ मध्ये, पण ध्वनिमुद्रित झाली मार्च १९९३ मध्ये, म्हणजे खुनाच्या आधी. हा बचाव टिकत नाही, कारण जाळपोळ त्याहूनही आधीची आहे. दुसरी वाट स्वायत्ततेची : शब्द ऐकूच येत नाहीत, केवळ नाद उरतो, आणि नादाला मतप्रणाली नसते. ‘डार्कथ्रोन’च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) चे उदाहरण या भूमिकेला अडचणीचे ठरते. तिच्यातील चार गीतांचे शब्द विकेर्नेसचे होते आणि मूळ आवृत्तीच्या वेष्टनावर या संगीताचे वर्णन नॉर्वेजियन ‘आर्य’ असे छापले होते. ऐकणाऱ्याला शब्द कळोत वा न कळोत, वेष्टन त्याच्या हातात होतेच.

या वादातील मूळ विसंगती आता स्पष्ट होते. संगीताची थोरवी सांगताना हेच रसिक एकात्मतेचा आग्रह धरतात. खडबडीत ध्वनिमुद्रण, मुखपृष्ठावरील तेओदोर किटेलसेनची चित्रे, ऐकू न येणारे शब्द, एकाकीपणाची मुद्रा हे सारे मिळून वातावरण सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे असते. कर्त्याच्या विचारांचा प्रश्न निघताच मात्र त्याच अखंड वस्तूचे तुकडे करून नाद तेवढा बाजूला काढला जातो. अविभाज्यता गुण म्हणून स्वीकारायची आणि जबाबदारीच्या प्रसंगी नाकारायची, हे तर्काला धरून नाही.

युक्तिवादाला जे साधले नाही, ते पुढील निर्मितीने काही अंशी साधले. अमेरिकेतील ‘वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम’ने ‘टू हंटर्स’ (२००७) मध्ये तीच दीर्घ आवर्तने वायव्येकडील अरण्यांच्या पर्यावरणीय जाणिवेशी जोडली. ‘पॅनोप्टिकॉन’च्या ‘केंटकी’ (२०१२) मध्ये तोच जलद आघात बॅन्जोच्या शेजारी येतो, आणि कोळसा खाणकामगारांची लढाऊ गाणी नव्याने गायली जातात. येथे पद्धत स्वीकारलेली आहे, पण तिने घडवलेले जग पूर्णपणे बदललेले आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या स्वप्नाशी जोडला गेलेला नाद श्रमिकांच्या स्मृतीसाठी वापरणे हे अनुकरण नव्हे. ती मूळ कृतीची केलेली समीक्षा आहे.

साहित्यसमीक्षेत ‘प्रभाव’ शोधण्याचे काम पुष्कळदा साम्यस्थळे नोंदवून थांबते. कोणी कोणाकडून काय घेतले, एवढ्यावर अभ्यासक समाधान मानतो. ब्लॅक मेटलच्या रसिकांचा वाद त्यापुढील प्रश्न विचारायला भाग पाडतो : घेताना काय नाकारले, आणि ते नाकारणे कृतीत कोठे दिसते? ‘बुर्झुम’चे ऋण लपवणारा इतिहास खोटा ठरेल, आणि त्या ऋणाची केवळ नोंद करून थांबणारा अपुरा. वातावरण हे साध्य मानले, की त्या वातावरणात कोणता विचार पोसला जातो याची विचारपूसही आस्वादाचाच भाग होते.