पात्रें बदलतात, खेळ राहतो

ज्या खेळांतील गडी वारंवार बदलतात, त्याची कथा टिकते कशी? हा प्रश्न आम्हांस एका परदेशी खेळामुळें सुचला. उत्तर मात्र झाडीपट्टींत सांपडलें.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. पटावरच्या लढायांतून तो निघाला. त्यांत कोणी वीर होतो, कोणी मांत्रिक. कृत्यांचा निकाल फाशांनीं लागतो आणि एक सूत्रधार कथा चालवितो. आतां तो संगणकाच्या पडद्यावर दूरदूरच्या गड्यांतही रंगतो. जुना गडी नोकरीपायीं सुटतो, नवा येऊन मिळतो. तरी कथा पुढें सरकते. पण सारी भिस्त सूत्रधाराच्या स्मरणावर व टिपणांवर असते. तो थकला कीं कथाही आटोपली.

आतां आमच्या अरण्यप्रदेशाकडे वळूं. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. वैनगंगेच्या खोऱ्यांतील या धानाच्या मुलखांत दंडार हा जुना खेळ. गांवचेच शेतकरी त्यांत नाचत, गात, सोंगें घेत. स्त्रीची भूमिकाही पुरुषच करी. गद्य संभाषण बरेंचसें आयत्या वेळचें. ज्यास सर्व पाठ आहे असा एकच पुरुष तेथें अपरिहार्य नव्हता. कथा करणाऱ्यास ठाऊक, तशीच पाहणाऱ्यासही; म्हणून एकाची जागा दुसरा घेऊं शके. आमच्या मतें दंडारीचा खरा सूत्रधार गांव हाच होय.

पुढें या भूमीवर पडद्यांचीं, प्रवेशांचीं नाटकें उभीं राहिलीं. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हें आज मंडळ्यांचें मुख्य ठाणें आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई व शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव प्रयोग होतात आणि रात्र सरेपर्यंत चालतात. तालमी थोड्या, नट आज एका मंडळींत तर उद्यां दुसरींत, कांहीं नागपूर-मुंबईहून येणारे. त्यांना सांवरतो तो प्रॉम्प्टर. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्या २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळांत पट नसतांही नाटकें होत राहिलीं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली; त्यांच्या नांवावर सुमारें ५,००० प्रयोग व ८०० भूमिका सांगतात. इतक्या भूमिका करणारा नट किती निरनिराळ्या सोबत्यांबरोबर उभा राहिला असेल, याची कल्पनाच करावी.

तथापि एक भेद विसरतां येत नाहीं. दंडारींत कथा गांवाच्या कंठांत होती. आतां ती संहितेच्या वहींत व प्रॉम्प्टरच्या जिभेवर आहे. यांत लाभ नाहीं असें नव्हे: नवे विषय आले, शेंकडों कलावंतांस पोटापाण्याचा आधार मिळाला. पण वही हरवते, आणि एका माणसावर टेकलेला खेळ त्या माणसाबरोबर जातो, हें परदेशी खेळानें दाखविलेंच आहे. सुदैवानें प्रयोग ठरविणारें, मांडव घालणारें, पाहुण्यांस जेवूं घालणारें गांव अद्याप जागें आहे. तें केवळ तिकीट काढून बसणारें झालें, तर मात्र पात्रें हवीं तितकीं मिळतील, पण बदललेल्या पात्रास कथा सांगणारें कोणी उरणार नाहीं. म्हणून दंडार जाणणारे वृद्ध आहेत तोंवर तरुणांनीं त्यांच्या शेजारीं उभें राहून ती शिकावी, एवढेंच आमचें मागणें आहे.