"आणला ना, मग फाशी का नाही?"

एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर हाच प्रश्न होता. मलाही बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून हा थोडा इतिहास.

२६/११ च्या तीन आरोपींचे तीन रस्ते बघा. कसाब आपल्याच भूमीवर जिवंत सापडला, कुणाकडे मागायची गरजच नव्हती. खटला चालवला आपल्या जळगावच्या उज्ज्वल निकमांनी. २०१० ला शिक्षा, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी.

हेडली अमेरिकेत पकडला गेला. गुन्हा कबूल करून त्याने तिथल्या सरकारशी करार केला, त्यात भारताच्या ताब्यात न देण्याची अट होती. २०१६ ला निकमांनी त्याची साक्ष घेतली, पण व्हिडिओवरून! राणाकडे तसा करार नव्हता. अमेरिकी ज्युरीने मुंबईच्या कटातून आपल्याला सोडलंय, पुन्हा खटला कसा, असं म्हणत तो वर्षानुवर्षं लढला. शेवटी १९९७ च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारापुढे त्याचं काही चाललं नाही.

आता अबू सालेम. १२ मार्च १९९३ चे मुंबई स्फोट, २५७ बळी. २००२ ला तो लिस्बनमध्ये सापडला. पोर्तुगालात फाशीही नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून केंद्र सरकारने लेखी हमी दिली: फाशी देणार नाही, २५ वर्षांवर तुरुंगात ठेवणार नाही. तेव्हा कुठे २००५ ला तो हाती आला. इथे आपण जादा कलमं लावली, तर २०११ ला तिथल्या कोर्टाने हमी मोडल्याचा ठपका ठेवला. ती कलमं मागे घ्यावी लागली. २०१७ ला जन्मठेप झाली, तरी सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलं, २५ वर्षांची हमी पाळावीच लागेल.

ज्यांची माणसं गेली त्यांना हे पटणं अवघड आहे, मला मान्य आहे. पण हमी दिली नसती तर सालेम कोर्टासमोर उभाच राहिला नसता. आणि आज ती मोडली, तर उद्या कुठला देश आपल्या कागदावर विश्वास ठेवेल? पाकिस्तानशी तर आपला प्रत्यार्पण करारच नाही. त्यामुळे बाकीच्या देशांमधली पतच आपल्या कामी येते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाला विमानातून उतरवताना टीव्हीवर दाखवलं, की आधी एवढं विचारा: कुठून आणला, कोणत्या कलमांखाली आणला आणि काय लिहून देऊन आणला? त्याला किती शिक्षा होऊ शकते, ते बरंचसं तिथेच कळतं.